अँजिओग्राफी पायाची पण असते हो!

कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीत, टेक्निशियन आहे म्हटलं की समोरच्याचा हात आपोआप छातीकडे जातो. अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांत औषध सोडून त्यांचा एक्स-रे फोटो काढणं) म्हणजे हार्ट, बस्स. आमच्याकडे पायाचे पेशंटही बरेच येतात आणि त्यांचे नातेवाईक बाहेर हमखास विचारतात, अहो मॅडम, दुखणं पायाला आहे, मग हार्टच्या खोलीत कशाला नेलंय?

खरं तर आतून नळी घालून ब्लॉक उघडायची ही सगळी भानगड पायापासूनच सुरू झाली. जानेवारी १९६४, अमेरिकेतलं पोर्टलँड. ८२ वर्षांची एक आजी, पायाची बोटं काळी पडलेली, सर्जन म्हणतायत पाय कापायचा आणि आजी म्हणते नाही म्हणजे नाही. तेव्हा चार्ल्स डॉटर नावाच्या रेडिओलॉजिस्टने तिच्या मांडीतल्या चिंचोळ्या झालेल्या धमनीत आधी वायर घातली आणि तिच्यावरून आधी बारीक मग जाड अशा टेफ्लॉनच्या नळ्या सरकवून रस्ता मोकळा केला, धमनी आतून रुंद करायचा फुगा म्हणजे बलून नाही, ती उघडी ठेवायची जाळी म्हणजे स्टेंट नाही, नुसत्या नळ्या. पाय गरम झाला, दुखणं थांबलं, आणि आजी अडीचेक वर्षांनी न्यूमोनियाने गेली तोपर्यंत पाय शाबूत होता. सर्जन लोकांना हे काही रुचलं नाही, एकाने तर डॉटरला फॉर्मवर लिहून पाठवलेलं की फोटो काढा, दुरुस्त करायला जाऊ नका! पुढे ग्रुंट्झिग नावाच्या डॉक्टरने १९७४ ला झुरिकमध्ये बलून फुगवला तोही पायाच्याच धमनीत, हृदयाची पाळी आली १९७७ ला. आमच्या कार्डिओलॉजीच्या पोरांना मी हे मुद्दाम ऐकवते.

आता पेशंटला काय होतं ते सांगते. भूल फक्त जांघेत, सुईच्या जागेपुरती. डाय (एक्स-रेत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून सोडायचं औषध) सोडायच्या आधी आम्ही ओरडतो, पायात गरम वाटेल, हलू नका! कारण मशीन आधी नुसत्या पायाचा फोटो घेतं आणि मग डायवाल्या फोटोतून तो वजा करतं, हाडं गायब होतात आणि फक्त रक्तवाहिन्या उरतात, पण पाय जरा हलला की सगळं चित्र फिस्कटतं. किडनी कमजोर असेल तर पायासाठी डायऐवजी कार्बन डायऑक्साइड गॅस पण वापरता येतो, रक्ताला बाजूला सारून तो रक्तवाहिनीचा आकार दाखवतो आणि मग श्वासावाटे निघून जातो. मला अजूनही भारी वाटतं ते.

पण इतक्या लांब यायच्या आधीच बरंच कळू शकतं. थोडं चाललं की पोटरीत गोळे येतात, थांबलं की बरं वाटतं, पुन्हा चाललं की पुन्हा तेच, याला घरोघरी 'वय झालं' नाहीतर 'सायटिका' म्हणून तेल चोळत बसतात. घोट्याचं बीपी आणि दंडाचं बीपी मोजून भागाकार करायचा, ०.९ च्या खाली आला तर रक्त कमी पोचतंय. एवढी साधी टेस्ट. शुगरवाल्यांमध्ये मात्र हा आकडा फसवतो कारण धमनीत कॅल्शियम साचून ती कडक होते, दाबली जात नाही आणि रीडिंग उगाच चांगलं येतं, त्यांच्या पायाच्या अंगठ्याचं प्रेशर बघावं लागतं. त्यांचे ब्लॉक पण बऱ्याचदा गुडघ्याखालच्या बारीक धमन्यांत असतात, तिथे बलून मारला तरी काही महिन्यांत परत बंद होऊ शकतं, हे मी लपवणार नाही. पण जखम भरायला तेवढे महिने मिळाले तरी पुष्कळ वेळा पाय वाचतो. आणि बाहेर बाकड्यावर बसून बिडी ओढणाऱ्या काकांनो, आतलं काम तुम्हीच उलटं फिरवताय!

(फुगलेल्या हिरव्या-निळ्या शिरा म्हणजे व्हेरिकोज, त्यांचं लेझर वगैरे वेगळं प्रकरण आहे, त्यावर नंतर कधीतरी.)

तर कुणी पाय कापायचा सांगितला की आधी विचारा, डॉपलर (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) झालाय का, अँजिओ झालीय का, आणि ती पावलापर्यंत बघितलीय का. जंतुसंसर्ग भराभर वर चढत असेल तर मात्र वाद घालू नका, तिथे आधी जीव. आणि पाय अचानक पांढरा, गार पडला, खूप दुखायला लागला, बधिर झाला तर सकाळची ओपीडी बघत बसायचं नाही, हातात साधारण सहा तास असतात, रात्री दोन वाजले असले तरी निघायचं.