पनामा कालवा: जहाजं दिसतातच, पाणी बघून या

पनामाचं ठरलं की आधी पीतज्वराची लस उरकून घ्या. परतताना मुंबई विमानतळावर लशीचं पिवळं कार्ड मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच आणि निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्यायची. एकदा घेतली की जन्मभर चालते. याच तापाने आणि मलेरियाने 1880च्या दशकात फ्रेंचांच्या खोदकामावर सुमारे 20,000 माणसं मारली. अमेरिकनांनी डासांचा बंदोबस्त केला, तेव्हा कुठे कामाला वेग आला. कालवा खुला झाला 15 ऑगस्ट 1914ला; आपल्याला तारीख पाठ करायला नको!

पनामा सिटीजवळ मिराफ्लोरेसला कालव्याच्या कोठ्या आहेत; तिथल्या प्रेक्षक गॅलरीत सकाळी लवकर किंवा तिसऱ्या प्रहरी जा. मधल्या वेळात बहुधा जहाजच नसतं, नुसतं ऊन खात बसावं लागतं. मेट्रोने अल्ब्रूकला उतरून पुढे बस मिळते. कोठी म्हणजे दरवाजे मिटून आतलं पाणी कमी-जास्त करत जहाज वर-खाली नेणारा हौद; जुन्या कोठीची रुंदी 33.5 मीटर. मोठं मालवाहू जहाज आत शिरलं की त्याची पोलादी कूस आणि काँक्रीटची भिंत यांत जेमतेम हातभर फट उरते. दोन्ही काठांवरची रुळांवरची इंजिनं तारा ताणून जहाजाला मधोमध धरतात. दरवाजे मिटले की आवाज असा काहीच नाही. भिंतीवरची ओली काळपट पट्टी रुंदावत जाते, तेव्हा कळतं की एवढं धूड खाली उतरतंय. बाजूला उभी असलेली मंडळी मोबाइलमध्ये गर्क होती, त्यांचं हे हुकलं.

याला पंप लागत नाही. समुद्रसपाटीपासून 26 मीटरवर असलेल्या गातून तलावाचं पाणी उताराने कोठ्यांत येतं. एका जहाजाच्या फेरीत सुमारे 20 कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं, आणि पनामा सिटीच्या नळांनाही याच तलावाचा आधार! 2023च्या दुष्काळात रोजच्या 36च्या आसपास जहाजांची संख्या पुढे 24वर आणावी लागली. पावसाळ्यात चहाबरोबर तानसा-वैतरणाची टक्केवारी वाचणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. 2016ला सुरू झालेल्या नव्या, रुंद कोठ्या जवळून बघायच्या असतील तर कोलोनजवळच्या आग्वा क्लाराला जा. त्यांच्या शेजारच्या टाक्यांत बरंचसं पाणी पुन्हा वापरायला साठवतात.

शहराची हवा म्हणजे आपला मे महिना, पण बाराही महिने. कोरडे दिवस साधारण जानेवारी ते एप्रिल. ओहोटीला किनाऱ्यावरच्या रस्त्याखाली माहीमसारखा चिखल उघडा पडतो, कारण पॅसिफिकच्या बाजूला भरती पाच मीटरच्या वर जाते. भरतीची वेळ बघूनच तिथे फिरायला जा. कास्को व्हिएहो या जुन्या पेठेत संध्याकाळी जा. दुपारी तिथल्या दगडी रस्त्यांवर पाय भाजतात. 1671च्या हल्ल्यात जुनं शहर बेचिराख झालं, त्यानंतर 1673ला ही वस्ती वसवली. उंच इमारतींपेक्षा मला ती कितीतरी आवडली.

शाकाहारी असाल तर नारळाच्या दुधातला तुरीच्या दाण्यांचा भात मागा, पण त्यात मांस नाही ना हे विचारून घ्या. सोबत कच्च्या केळ्याचे तळलेले पाताकोनेस. मासे खाणाऱ्यांनी सरळ मासळी बाजार गाठावा.

अमेरिकन डॉलर चालतात. सुटे, लहान नोटा न्या. मोठी नोट बघून दुकानदार तोंड वाकडं करतात. सुट्टे म्हणून पनामाच्या स्वतःच्या चलनाची, बाल्बोआची नाणी हातात पडतात, ती निघण्याआधी खर्चून टाका. देशाबाहेर त्यांना कोणी विचारत नाही.