टपालपेटीवर माझं नाव नव्हतं

जर्मनीत स्वतःचं भाषांतराचं काम सुरू केलं त्याला वर्ष उलटून गेलं. काम छान चाललंय. पण एका करक्रमांकासाठी चौदा आठवडे थांबावं लागलं, त्याचा राग अजून मनातून जात नाही. म्हणून लिहून ठेवतेय.

परवान्याची अडचण मला आली नाही. नवऱ्याकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा राहण्या-कामाचा परवाना, आहे आणि जोडीदार म्हणून मिळालेल्या माझ्या कार्डावर ‘एर्वेर्ब्सटेटिगकाइट एर्लाउब्ट’, म्हणजे कमाईचं काम करायला परवानगी, असं छापलंय. यात नोकरीही आली आणि स्वतःचा व्यवसायही. ज्यांचं स्वतःचं ब्लू कार्ड आहे त्यांनी मात्र जोडधंदा सुरू करण्याआधी आउसलेंडरबेहर्डेकडून, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून, परवानगी घ्यावी.

जानेवारी २०२५च्या पहिल्या आठवड्यात एल्स्टर या सरकारी पोर्टलवरून करनोंदणीची प्रश्नावली भरली. काम सुरू केल्यापासून महिन्याभरात ती भरावी लागते. ती मिळाली की फिनान्झाम्ट, म्हणजे कर कार्यालय, तुम्हाला श्टॉयरनुमर, म्हणजे करक्रमांक, देतं. हा नंबर म्हणजे पत्ता नोंदवल्यावर घरी येणारा अकरा आकडी श्टॉयर-आयडी नव्हे. तो आयडी जन्मभर एकच राहतो, पण बिलावर चालत नाही. बिलावर श्टॉयरनुमर किंवा व्हॅटचा नंबर लागतो.

माझी तीन बिलं तयार होती. दोन एका प्रकाशनाची, एक छोटं १८० युरोचं. प्रकाशनाच्या हिशेब विभागाने स्पष्ट सांगितलं, नंबराशिवाय पैसे निघणार नाहीत. त्यांचं बरोबरच होतं.

फेब्रुवारी उजाडला तरी काही नाही. फोन केला. ‘तुमचं प्रकरण विचाराधीन आहे.’ मार्चच्या सुरुवातीला पुन्हा फोन, पुन्हा तेच वाक्य. प्रत्यक्ष जाऊन आले, तर दारातच सांगितलं की वेळ घेतल्याशिवाय कोणी भेटत नाही, आणि पहिली मोकळी वेळ तीन आठवड्यांनंतरची. मी रोज सकाळी टपालपेटी उघडून बघायचे. बँकेची पत्रं यायची, नवऱ्याची पत्रं यायची. माझं एकही येत नव्हतं, आणि हेच विचित्र आहे हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

मार्चच्या शेवटी तिसऱ्यांदा फोन केला. या वेळी एक बाई भेटल्या ज्यांनी खरोखर फाइल उघडली. म्हणाल्या, ‘तुम्हाला जानेवारीतच पत्र पाठवलं होतं. ते परत आलं. त्या पत्त्यावर तुम्ही सापडला नाहीत.’

आम्ही डिसेंबरमध्ये घर बदललं होतं. नव्या घराचा करार नवऱ्याच्या नावावर, म्हणून घरव्यवस्थापनाने टपालपेटीवर आणि दारावरच्या बेलवर फक्त त्याचं आडनाव लावलं. मी लग्नानंतर आडनाव बदललेलं नाही. इथे पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, पाठवणाऱ्याकडे परत जातं. जुन्या घरी दोन्ही नावं होती, त्यामुळे एल्स्टरचं खातं सुरू करायचा कोड वगैरे सगळं नीट आलं होतं.

नाव लावायचं राहिलं ती चूक आमचीच, मान्य. पण प्रश्नावलीत माझा फोन नंबर होता. पत्र परत आल्यावर कोणीतरी एक फोन केला असता तर दीड-दोन महिने वाचले असते. आधीच्या दोन फोनमध्येही फाइल उघडून बघायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. याचाच मला जास्त राग येतो. अजूनही येतो.

त्या पत्रात होतं तरी काय? एकच प्रश्न. ‘कामाचं स्वरूप’ या रकान्यात मी ‘भाषांतर आणि डिजिटल भाषासेवा’ असं लिहिलं होतं. त्यांना कळेना की मी फ्रायबेरूफलर, म्हणजे मुक्त व्यावसायिक, की गेवेर्बवाली, म्हणजे धंदा करणारी. गेवेर्ब असेल तर गेवेर्बआम्टात, म्हणजे धंद्यांच्या नोंदणी कार्यालयात, वेगळी नोंदणी लागते. जर्मन आयकर कायद्याच्या कलम १८मध्ये मुक्त व्यवसायांची यादी आहे, त्यात भाषांतरकार आणि दुभाषे नावानिशी आहेत. मी त्या कलमाचा उल्लेख करून चार ओळींचं उत्तर एल्स्टरवरूनच पाठवलं आणि प्रकाशनाचं काम दिल्याचं पत्र जोडलं. नवव्या दिवशी नंबर आला.

तेव्हा त्या रकान्यात साधं ‘भाषांतर’ लिहा. भारदस्त शब्द घालू नका. आणि फोन केलात तर नुसतं ‘कुठवर आलं’ विचारू नका, ‘मला काही पत्र पाठवलंय का, ते परत आलंय का’ असं विचारा.

व्हॅटच्या बाबतीत मी क्लाइनउंटरनेमर, म्हणजे छोटा व्यावसायिक, हा पर्याय घेतला. सुरुवातीच्या वर्षी उलाढाल २५,००० युरोच्या आत राहिली तर बिलावर व्हॅट लावावा लागत नाही, फक्त या सवलतीचा उल्लेख बिलावर करायचा. आरोग्यविम्याचं मात्र आधी बघा. मी नवऱ्याच्या कुटुंबविम्यात होते. २०२५मध्ये त्यासाठी स्वतःच्या मासिक उत्पन्नाची मर्यादा ५३५ युरो होती, आणि स्वतःचा व्यवसाय हेच मुख्य काम ठरलं तर त्या विम्यातून बाहेर पडावं लागतं. मी विमा कंपनीला आधीच कळवलं होतं, त्यामुळे नंतर मागची वसुली आली नाही.

आणि हो, एक गोष्ट मला मेमध्ये एका भाषांतरकार मैत्रिणीकडून कळली. एकूण २५० युरोपर्यंतच्या बिलावर कर-क्रमांक लागतच नाही. म्हणजे माझं ते १८० युरोचं बिल जानेवारीतच पाठवता आलं असतं.

तिसरा फोन झाला त्याच संध्याकाळी मी कागदाच्या पट्टीवर माझं आडनाव ठळक लिहून टपालपेटीवर चिकटवलं. नंतर घरव्यवस्थापनाने छापील पाटी दिली, तरी ती कागदी पट्टी मी अजून काढलेली नाही.