तिथं धर्म आणतात का?

मुलीला बंगळूरला शिकायला पाठवावं की नाही, या विचारात पडलेले पालक कुणाकडून तरी माझा नंबर मिळवतात. फी, होस्टेल, जेवण विचारून झालं की आवाज थोडा खाली येतो. "मॅडम, तुम्ही ख्रिस्ती विद्यापीठात शिकलात ना? तिथं सरकारी धोरणांवर चर्चा ठेवतात म्हणे. त्यात धर्म आणतात का हो?"

आणतात. उगाच नाही कशाला म्हणू? पण कसा आणतात ते सांगेपर्यंत समोरचा "बरं बरं" म्हणून फोन ठेवायच्या तयारीत असतो. म्हणून तुम्ही विचारलंत ते इथं सविस्तर सांगते.

मी सोलापूरची, पद्मशाली म्हणजे तेलुगू विणकरांच्या घरातली. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि अम्मा विड्या वळायची. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत असताना दोन वर्षं रजा काढून 2016 साली सार्वजनिक धोरण शिकायला गेले. कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन उद्यान एक्स्प्रेसमध्ये बसले तेव्हा शेजारणीनं अम्माला विचारलंच होतं, "पोरगी परत येईल ना आपली?"

तिथं महिन्यातून दोनदा, गुरुवारी दुपारी, चर्चा असायची. आधी दोन मिनिटं प्रार्थना. ज्याला नको त्यानं गप्प बसायचं, मी चष्मा पुसायचे. मग बोलणाऱ्यानं आपण कुठं उभे आहोत ते सांगायचं, हा अलिखित नियम. पहिल्याच गुरुवारी एक फादर म्हणाले, "मी कॅथलिक धर्मगुरू. श्रमाला प्रतिष्ठा आहे हे मी आधीच मानून बसलोय, आकडे नंतर गोळा केलेत. तेव्हा माझ्या आकड्यांकडं जरा संशयानंच बघा." मला हसू आलं. असं बोलणारा माणूस मी सोलापुरात एकाही व्यासपीठावर पाहिला नव्हता.

आपली श्रद्धा सांगून धोरणावर बोलायची ही रीत जुनी. 1891 साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या प्रश्नावर पत्रक काढलं, त्यात संघटना करण्याचा हक्क आणि पोटापुरती मजुरी या दोन्ही गोष्टी होत्या. त्याच वर्षी आपल्याकडचा फॅक्टरी कायदा सुधारला आणि गिरणीतल्या बायकांना दिवसाला 11 तासांची मर्यादा आली. घरी बसून विडी वळणारीला असलं घड्याळ आजही नाही, हा मुद्दा मी तिथं किती वेळा मांडला असेल!

प्रोटेस्टंट बाजूनं अब्राहम कायपर यांचं नाव निघायचं. हॉलंडातला हा पाद्री, पेपरही चालवायचा. 1879 साली पक्ष काढला, 1880 साली ॲमस्टरडॅममध्ये विद्यापीठ काढलं आणि 1901 ते 1905 पंतप्रधान होता. कुटुंब, चर्च, शाळा, धंदा यांची आपापली क्षेत्रं आहेत, सरकारनं सगळ्यांत हात घालू नये, हे त्याचं म्हणणं. ऐकायला छान. पण 1903 साली रेल्वे कामगारांनी संप केला तेव्हा याच गृहस्थानं सरकारी आणि रेल्वे नोकरांच्या संपावर बंदी आणणारा कायदा करून घेतला. चर्चेत हे सांगणारी बाई त्याच परंपरेतली होती, आणि तिनं ते झाकलं नाही. गिरण्यांच्या गावातून आलेल्या मला दुसरं काय हवं?

तर 2017 च्या ऑगस्टमध्ये विषय होता तंबाखू. एक कर्करोगतज्ज्ञ बोलले. तेही सुरुवातीलाच म्हणाले, शरीर ही देवानं दिलेली ठेव आहे असं मी मानतो. विडीच्या बंडलावर 85 टक्के जागेत इशाऱ्याचं चित्र हवं हा नियम आदल्या वर्षी एप्रिलपासून लागू झाला होता, त्याच्या बाजूनं त्यांनी तोंडाच्या कर्करोगाची चित्रं दाखवली. बघवत नव्हती.

मी उभी राहिले. म्हटलं, माझी शाळेतली शिष्यवृत्ती विड्यांवरच्या सेसमधून, म्हणजे कामगारांसाठी वेगळ्या काढलेल्या करातून यायची. 1976 च्या कायद्यानं तो सेस बसला, त्यातून विडी कामगारांचे दवाखाने चालायचे, मुलांना पैसे मिळायचे. गेल्याच महिन्यात जीएसटी आला आणि सेस गेला. विडीवर 28 टक्के कर, तेंदूपानावर 18 टक्के, आणि कामगाराच्या नावानं वेगळं काढलेलं काहीच नाही. भारतानं 2004 साली मान्य केलेल्या तंबाखूविरोधी जागतिक करारात या कामगारांना दुसरं पोट भरण्यासारखं काम द्यायचं कलमही आहे, ते तुमच्या स्लाइडवर का नाही? टाळ्या पडल्या. मी खूश.

कामगार कायदा शिकवणाऱ्या एक सिस्टर मागच्या रांगेत बसायच्या. त्यांनी विचारलं, "तुम्ही आईच्या वतीनं बोललात. त्यांना विचारून आला होता?"

नव्हते. विचारायचं सुचलंच नव्हतं. अम्मा माझ्या डोळ्यांपुढं कायम कामातच. मांडीवर सूप, ओल्या फडक्यात पानं, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापलेला तुकडा, त्यात चिमूटभर तंबाखू, अंगठ्यानं एक गुंडाळी, तोंड दुमडून दाबायचं, दोरा. तोंडानं माझा पाढा घेत असायची, नजर सुपात. हजार भरेपर्यंत उठायची नाही. त्या बाईला मत असेल हे तिच्या अर्थशास्त्र शिकलेल्या पोरीच्या डोक्यात आलं नव्हतं!

रात्री फोन केला. अम्मा म्हणाली, "विडी बंद झाली तर होऊ दे. आवडायला ते काय जेवण आहे? पण आधी छाटेचा हिशोब द्या म्हणावं."

छाट म्हणजे माल द्यायला गेल्यावर तपासनीस वाईट म्हणून बाजूला काढतो त्या विड्या. त्यांची मजुरी मिळत नाही, आणि अम्माला त्या परतही मिळाल्या नाहीत. हजाराला पानं कमी पडली तर ती पदरचे पैसे घालून आणायची, दोरा आपलाच. मग वाईट ठरलेली विडी कुणाची, आणि ती जाते कुठं? पुढच्या गुरुवारी हा प्रश्न मी जसाच्या तसा वाचला. डॉक्टरांकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडं नव्हतं. सिस्टरनी तो वहीत लिहून घेतला.

माझं धर्मांतर वगैरे काही झालं नाही, हे काळजी करणाऱ्यांसाठी. पण समोरच्यानं आपली श्रद्धा टेबलावर मांडली की तिच्याशी भांडायला सोपं जातं, एवढं मात्र कळलं.

परत आल्यावर इथल्या एका कॉलेजात तसाच कार्यक्रम ठरवला, विषय विडी कामगार. हौसेनं विडी घरकुल या कामगार वसाहतीतल्या वीस-पंचवीस बायका आणल्या, अम्मा त्यांच्यात. दीपप्रज्वलन, सरस्वतीपूजन, स्वागतगीत, मग सत्कार. सोलापुरात सत्कार म्हटला की चादर आली, आणि व्यासपीठावर अकरा जण. प्रमुख पाहुण्यांचे मेहुणे विडीच्या धंद्यात, हे निम्म्या सभागृहाला ठाऊक होतं. माईकवर ते कुणी म्हणालं नाही. मीही नाही. पाहुणे "आपल्या मायमाऊल्या" या विषयावर पाऊण तास बोलले. चार वाजता बायका उठल्या, माल द्यायची वेळ झाली होती. प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा माझ्यासमोर रिकाम्या खुर्च्या आणि एक अम्मा.

रिक्षात तिनं माझ्या सत्काराची चादर मांडीवर घेतली, कडेचा धागा बोटांनी चाचपला. "पॉवरलूमची आहे," म्हणाली. मग जरा वेळानं, "छाटेचं कुणी विचारलं का गं?"

"नाही," म्हटलं.