चिऱ्याच्या ट्रकामागे

शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेत मला पंधरापैकी आठ पडले. पास व्हायला नऊ लागतात. हे म्हणाले, "आंब्याच्या पेट्यांचा हिशोब चोख ठेवतेस, आणि यात कशी गेलीस?"

गेले ती ओव्हरटेकिंगने. ओव्हरटेक केव्हा करू नये, असा प्रश्न. पर्याय तीन: इतर वाहतुकीला अडचण किंवा धोका होणार असेल तेव्हा, पुढची गाडी वेग कमी करत असेल तेव्हा, आणि रात्री. मी बेधडक 'रात्री' दाबलं. पावस-रत्नागिरी रस्त्यावर रात्री समोरच्याचा अप्पर लाइट डोळ्यांत घुसतो, दुसरं काय सुचणार? बरोबर होता पहिला पर्याय. पुढे अरुंद पुलाचाही प्रश्न होता, तोही चुकला. दुसऱ्या खेपेला तेरा आले.

क्लच-ब्रेकचं आठवड्याभरात जमलं. खरी शिकवणी गोळपच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, भाट्याकडे उतरताना झाली. पुढे जांभ्या दगडाच्या चिऱ्याने भरलेला ट्रक, रांगत चाललेला. मागून एकजण सारखा हॉर्न मारतोय. ट्रकवाल्याने उजवा हात बाहेर काढून 'जा पुढे' असं हलवलं. मी गिअर टाकणार, तोच ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मास्तरांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला.

"वहिनी, त्याला पुढचं दिसतंय. तुम्हाला दिसतंय काय?"

समोर वळण होतं. पुढच्याने खूण केली म्हणून वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर, जिथे पुढचा रस्ता दिसत नाही, तिथे जाता येत नाही. मागच्याने आपल्याला ओव्हरटेक करायला सुरुवात केली असेल तरी थांबायचं. मधे दोन रेषा असतील तर आपल्या बाजूची बघायची. ती अखंड असेल तर ओलांडायची नाही. डावीकडून घुसणं तर इथे रोजचंच, पण नियमात ते तेव्हाच चालतं जेव्हा पुढचा उजवीकडे वळायची खूण करून रस्त्याच्या मध्याकडे सरकलेला असतो. आणि कोणी आपल्याला मागे टाकत असेल तर आपण वेग वाढवायचा नाही. हे मला सगळ्यात जड गेलं, कारण कोणी पुढे गेलं की माझा पाय आपोआप दाबला जायचा.

दंडाचंही मास्तरांनीच सांगितलं. नियम मोडून केलेलं ओव्हरटेकिंग २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये, स्पष्ट लिहिलेलं आहे: पहिल्या वेळी १००० ते ५००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही.

शिकाऊ लायसन्सला तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्याची टेस्ट देता येत नाही. ते दिवस भरले, टेस्ट झाली. रिव्हर्सला घाम फुटला, बाकी निभावलं.

लायसन्स आल्यावर पहिल्याच रविवारी हे शेजारी बसले. तोच उतार, तसाच चिऱ्याचा ट्रक.

"अगं घे ना, रिकामा तर आहे रस्ता!"

"कुठपर्यंत रिकामा दिसतोय?" मी विचारलं.

त्यांनी मान लांब करून बघितलं आणि गप्प बसले. भाट्याच्या पुलापर्यंत आम्ही त्या ट्रकामागेच होतो. घरी आल्यावर काचेवर तांबड्या धुळीचा थर. फडकं त्यांनीच घेतलं.