अडीच टनी जीएमसी पुन्हा रस्त्यावर आणताना

जुन्या लष्करी ट्रकच्या डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाचा पहिला नट सोडवायला आम्ही दोघं पान्याला लांब पाइप लावून अक्षरशः लोंबकळलो. नट हलला नाही, स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आटेदार दांडा, मात्र तुटला. दुसराही तुटला. तिसऱ्याला हात लावण्याआधी तारेच्या ब्रशने गंज काढला, तेव्हा स्टडच्या टोकावर कोरलेलं ‘एल’ हे अक्षर दिसलं. एल म्हणजे लेफ्ट. डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे, चाक फिरताना नट आपोआप सैल पडू नयेत म्हणून. सोडवतोय असं समजून आम्ही ते नट आवळत होतो. दिशा बदलली, रात्रभर तेल मुरू दिलं, आणि उरलेले चार नट सकाळी सुटले. त्या दिवशी ठरवलं, की या गाडीचं मॅन्युअल वाचल्याशिवाय एकही बोल्ट सोडवायचा नाही.

गाडी म्हणजे जीएमसी या अमेरिकन कंपनीचा ट्रक, सीसीकेडब्ल्यू ३५३. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने असे पाच लाखांहून जास्त ट्रक बांधले. नाव चमत्कारिक वाटतं, पण त्यातलं प्रत्येक अक्षर अर्थ सांगतं. पहिला सी म्हणजे १९४१ सालचं डिझाइन, दुसरा सी नेहमीच्या पद्धतीच्या केबिनचा, के म्हणजे पुढच्या चाकांनाही इंजिनची ताकद आणि डब्ल्यू म्हणजे मागचे दोन्ही अॅक्सल, म्हणजे चाकांचे आस, इंजिनवर चालणारे. ३५३ म्हणजे लांब चेसिस, १६४ इंच व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराची. इंजिन सहा सिलिंडरचं, पेट्रोलवर चालणारं, २७० घन इंचांचं, म्हणजे साधारण ४.४ लिटर. डॅशबोर्डवरच्या पट्टीवर कमाल वेग ताशी ४५ मैल लिहिलेला.

याच ट्रकांनी १९४४ साली २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर या काळात ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ ही रसदवाहतूक चालवली. फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरलेलं पेट्रोल, दारूगोळा आणि रसद पुढे धावत सुटलेल्या सैन्यामागे पोचवायची होती. जोर असताना जवळपास सहा हजार गाड्या दिवसाला १२,५०० टनांपर्यंत माल नेत होत्या. चालकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय सैनिक होते. ज्या सैन्यात त्यांना वेगळ्या तुकड्यांत ठेवलं जाई, त्याच सैन्याची आघाडी त्यांनी जगवली. माझी गाडी त्या रस्त्यावर होती की नाही, याचा कुठलाही पुरावा माझ्याकडे नाही, आणि तसं मी कुणाला सांगतही नाही.

युद्धानंतर तिचं काय झालं, ते मात्र गाडीच्याच अंगावर लिहिलेलं होतं. हौदा गायब. त्या जागी चेसिसवर जाड पत्रे वेल्ड करून ओंडके उचलायची क्रेन बसवलेली. मागच्या बाजूला गॅसकटरने पाडलेली वेडीवाकडी भोकं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा संताप आला. ज्यांच्याकडून गाडी घेतली त्या वृद्ध गृहस्थांना मी विचारलं, चांगल्या चेसिसचं हे असं का केलंत?

ते म्हणाले, “वडिलांनी क्रेन बसवली म्हणून गाडी राहिली. बाकीच्या दोन होत्या, त्या भंगारात गेल्या.”

या उत्तराने माझ्या कामाची दिशाच बदलली. युद्ध संपल्यावर असे ट्रक डेपोंमधून ढिगांनी विकले गेले. काही दुसऱ्या देशांच्या सैन्यांत गेले. फ्रान्सच्या सैन्याने तर ते पुन्हा पुन्हा दुरुस्त करून कित्येक दशकं वापरले. बाकीचे लाकूड, खडी, पाणी वाहत राहिले, कुठे अग्निशमन बंब झाले. जे कामाला लागले ते वाचले. जे ‘जसेच्या तसे’ उभे राहिले ते बहुतेक गंजून गेले. मग ज्या वेल्डिंगमुळे गाडी टिकली, ते घासून साफ करायचा हक्क मला आहे का? शेवटी क्रेन उतरवली, कारण मूळ मापाचा हौदा बसवायचा होता, पण मजबुतीचे पत्रे तसेच ठेवले. हौदा लाकडी केला. युद्धाच्या मध्यावर पोलाद वाचवायला हौदे लाकडी होऊ लागले होते, आणि फळ्यांचं काम मला स्वतःला जमण्यासारखं होतं.

सगळ्यात जास्त वेळ रंगाने खाल्ला. सँडब्लास्टिंगने, म्हणजे वाळूच्या माऱ्याने, दोन दिवसांत पत्रा चकचकीत झाला असता. मी बॉनेटची बाजू ओल्या पॉलिश पेपरने हाताने घासली. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून पाणी आणि मास्क दोन्ही हवेतच. वर पिवळा, त्याखाली लाल, मग राखाडी, मग पुन्हा कुठलासा हिरवा, आणि सर्वांत खाली मळकट ऑलिव्ह ड्रॅब, सैन्याचा मूळ हिरवट रंग. तिसऱ्या दिवशी त्या तळाच्या थरावर पांढरट रेघ दिसली. तिथून पुढे पेपर बदलला, सगळ्यात बारीक घेतला, आणि तळहाताएवढ्या जागेसाठी एक अख्खी दुपार दिली. आकडा उमटला: ४. अडीच टनी वर्गाच्या ट्रकांचे सैन्यातले नोंदणी क्रमांक याच आकड्याने सुरू होत. पुढचे आकडे अर्धे होते, अर्धे लाल रंगाबरोबर निघून गेले होते. जे दिसले तेवढेच ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतले आणि नव्या रंगावर तेवढेच रंगवले. गाळलेल्या जागा मनाने भरल्या नाहीत. लोक विचारतात, नंबर अर्धा का? मला तो अर्धाच खरा वाटतो.

इंजिन जाम होतं. प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअर ऑइलचं मिश्रण ओतलं, तीन आठवडे मुरू दिलं, रोज हँडल लावून हलकासा नेट दिला. पाच पिस्टन सुटायला तयार होते, चौथ्या सिलिंडरमधला नाही. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, काढल्यावर कारण कळलं. त्या सिलिंडरचा धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला होता आणि वर्षानुवर्षं दमट हवा आत शिरत होती. गंजाचं कडं बोटाला लागत होतं. लाकडी ठोकळा ठेवून खालून-वरून ठोकत पिस्टन बाहेर काढला. नुसत्या घासण्याने भागलं नाही, सगळ्याच सिलिंडरांची भोकं (बोअर) वाढवून मोठ्या मापाचे पिस्टन घालावे लागले. वायरिंग सहा व्होल्टचंच ठेवलं. त्यात अर्थिंगच्या जागा स्वच्छ आणि केबल जाड असल्या, की सेल्फ नीट फिरतो.

एक गोष्ट मात्र हौसेपोटी कुणी करू नये. या चाकांवर टायर लोखंडी लॉक रिंगने अडकवलेला असतो. हवा भरताना रिंग नीट बसली नसेल तर ती उडते आणि माणूस जागीच जातो. मी दहाही टायर लोखंडी पिंजऱ्यात, लांब नळीने, दूर उभं राहून भरून घेतले.

सहाव्या वर्षी गाडी चालली. ते वृद्ध गृहस्थ आले, हात धरून मी त्यांना केबिनमध्ये चढवलं. त्यांचं लक्ष काचेतून बाहेर होतं, पण हात गिअरच्या दांड्याला न लागता थेट शेजारच्या, पुढचा अॅक्सल जोडणाऱ्या दांड्यावर गेला. ओंडका ओढताना आधी तोच लागायचा, म्हणाले.

डाव्या चाकावर आता दोन स्टड नवे आहेत, चार जुने. पन्नास किलोमीटर झाले की मी नट तपासतो. डाव्या बाजूला उलट, उजव्या बाजूला सुलट.