वीस बाइटची फाइल आणि आमची वाटचाल

२०१२ च्या जूनमध्ये जळगावात, नवीपेठेच्या मागच्या बाजूला एका जिन्यालगतच्या खोलीत मी आणि माझा चुलतभाऊ संदीप, आम्ही वेबसाइट करून द्यायचं काम सुरू केलं. दोन कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर, एक कूलर. पहिली गिऱ्हाइकं ओळखीतली: एक सराफ, दोन डाळमिलवाले, एक शाळा, एक पतसंस्था. कामं मिळत गेली, माणसं वाढली. त्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सांगायचं आहे ते २०१९ च्या मे महिन्याबद्दल, कारण आजचं आमचं निम्मं काम त्या आठवड्यातून उभं राहिलं.

रावेर तालुक्यातल्या एका केळी व्यापाऱ्याची साइट आम्ही २०१४ पासून सांभाळत होतो. आम्ही त्यांना काका म्हणतो. रोज सकाळी साडेसातच्या सुमारास त्यांचे मुनीम केळीच्या नवती, पिलबाग, वापसी अशा प्रकारांचे भाव साइटवर चढवायचे. आसपासचे शेतकरी बाग कापायला देण्याआधी मोबाइलवर ते बघायचे, आणि मागच्या वर्षी याच दिवसांत काय भाव होता तेही बघायचे. साइटची खरी किंमत त्या जुन्या भावांतच होती.

मे महिन्यात सर्व्हरची डिस्क गेली. मी घाबरले नाही. रोज रात्री आपोआप बॅकअप घेणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, आम्ही लावलेली होती आणि त्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर पडत होती. तिथे जाऊन पाहिलं तर तीस दिवसांच्या तीस फाइली, प्रत्येकीच्या नावात तारीख, सगळं जागच्या जागी. मग संदीपने आकाराच्या रकान्यावर बोट ठेवलं. वीस बाइट. खालची फाइल वीस बाइट, तिच्या खालची वीस बाइट, तिसांच्या तीस तशाच.

बॅकअपच्या फाइली दाबून लहान करायला आम्ही जीझिप नावाचा प्रोग्रॅम वापरत होतो. आत काहीच नसलेली जीझिप फाइल बरोबर वीस बाइटची होते. म्हणजे रिकाम्या पेटीला रोज नेमाने कुलूप लागत होतं.

कारण शोधायला रात्र गेली. सात महिन्यांपूर्वी आम्हीच साइटची माहिती साठवणाऱ्या डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता आणि स्क्रिप्टमधला जुनाच राहिला होता. मायएसक्यूएलडम्प, म्हणजे डेटाबेसची पूर्ण प्रत (डम्प) काढणारा प्रोग्रॅम, रोज नकार खाऊन परत यायचा. त्याच्या हातातून जीझिपच्या हातात काहीच जायचं नाही, पण जीझिप ते रिकामं दाबून ‘काम झालं’ म्हणायचा. शेलमध्ये, म्हणजे सर्व्हरला हुकूम द्यायच्या खिडकीत, पाइपने एकापुढे एक जोडलेल्या दोन कामांत शेवटच्याचा निकालच धरला जातो, म्हणून स्क्रिप्टच्या लेखी सगळं ठीक होतं. ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन चूक झाल्याची मेल पाठवत होता, पण ती सर्व्हरवरच्या रूटच्या, म्हणजे मुख्य खात्याच्या, पेटीत पडत होती आणि ती पेटी कुणी उघडत नव्हतं. यात सर्वांत वाईट भाग असा की तीस दिवसांपेक्षा जुनं काढून टाकायचा नियम मात्र चोख चालत होता. चांगले बॅकअप त्यानेच एकेक करून पुसले.

पासवर्ड बदलण्याआधी संदीपने सहज एका हार्डडिस्कवर पूर्ण प्रत काढून कपाटात ठेवली होती, ती सापडली. सात महिन्यांचे भाव तरी गेलेच होते. ते सांगायला मी स्वतः रावेरला गेले, फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ताई, वेबसाइट गेली असेल, भाव नाही गेले. मुनीमजींच्या वह्या आहेत ना.” लाल कापडी पुठ्ठ्याच्या दोन वह्या त्यांनी माझ्या हातात दिल्या. बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन होतं. चार रात्री बसून आम्ही चौघांनी ते सगळे दिवस हाताने परत भरले.

त्याच दिवसांत मी गिटलॅबचा, म्हणजे प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीचा, प्रसंग नीट वाचून काढला. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या इंजिनिअरकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. बॅकअपची व्यवस्था एकाहून जास्त प्रकारांनी लावलेली होती. रोजचा डम्प जुन्या व्हर्जनच्या प्रोग्रॅममुळे अपयशी होत होता आणि तशी सूचना देणाऱ्या मेल पोचतच नव्हत्या. वाचवलं ते सहा तास आधी, भलत्याच कामासाठी काढलेल्या एका प्रतीने. आमच्या कपाटातल्या हार्डडिस्कसारखंच ते.

नवी स्क्रिप्ट मी स्वतः लिहिली. शेलमधला पाइपफेल हा पर्याय लावला, म्हणजे मधला कुणीही पडला तरी निकाल अपयशाचाच येतो. डम्प पूर्ण झाला की मायएसक्यूएल शेवटच्या ओळीत ‘डम्प कम्प्लीटेड’ लिहितो. ती ओळ सापडली नाही तर फाइल बाद. आकार कालच्या निम्म्याहून कमी असेल तर माझ्या मोबाइलवर मेसेज. आणि नवा चांगला बॅकअप हातात आल्याशिवाय जुना काढायचा नाही.

मग प्रत दुसऱ्या सर्व्हरवर नेण्याचं काम. आधी ऑफिसातल्याच मशीनवर आणत होतो, पण उन्हाळ्यात दुपारची लाइट गेली की इन्व्हर्टर तासाभरात मान टाकायचा. म्हणून दुसऱ्या शहरात भाड्याने सर्व्हर घेतला आणि एका मशीनवरच्या फाइली दुसरीवर नेणारं आरसिंक लावलं. १९९६ सालचं हे साधन आहे, बदललेला भागच पाठवतं, म्हणून आमच्या तेव्हाच्या इंटरनेटच्या लाइनवरही निभलं. हाताने चालवलं की चालायचं, क्रॉनमधून मात्र पडायचं. दोन दिवस त्यात गेले. दुसऱ्या सर्व्हरमध्ये शिरायची किल्ली माझ्या खात्यात होती आणि काम रूटच्या नावावर चालत होतं. शिवाय नव्या सर्व्हरशी पहिल्यांदा बोलताना एसएसएच, म्हणजे दोन सर्व्हरना सुरक्षित जोडणारं साधन, विचारतं, ‘हाच का तो, ओळख पटली का?’ रात्री दोनला हो म्हणायला तिथे कोण असणार? रूटच्या खात्यातून एकदा हाताने हो म्हटलं, तेव्हा रस्ता मोकळा झाला. आणि रात्रीचे दोन म्हणून आम्ही समजत होतो ते सर्व्हरच्या घड्याळातले दोन, म्हणजे आपल्याकडचे सकाळचे साडेसात. नेमकी मुनीमजींची भाव चढवायची वेळ! साइट सकाळी जड का होते याची तक्रार आम्ही वर्षभर ऐकली होती.

उलटा बदल एक आवर्जून केला. साइटच्या सर्व्हरने बॅकअप पाठवायचा नाही, बॅकअपच्या सर्व्हरने येऊन न्यायचा. उद्या साइटमध्ये कुणी घुसलं तरी दुसऱ्या सर्व्हरची किल्ली त्याच्या हाती लागत नाही. आरसिंकमधला डिलीटचा पर्यायही काढला, नाहीतर इकडे पुसलेलं तिकडेही पुसलं जातं.

आता प्रत्येक महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही एक साइट रिकाम्या मशीनवर पूर्ण उभी करतो. पहिल्यांदा केलं तेव्हा सगळं उघडलं, पण ‘केळी’च्या जागी चार प्रश्नचिन्हं दिसली. डेटा शाबूत होता, नव्या मशीनवरचा डेटाबेसशी बोलण्याचा अक्षरसंच लॅटिनवर होता, त्यात देवनागरी अक्षरं नसतात. खऱ्या संकटाच्या दिवशी हे दिसलं असतं तर सगळं गेलं असं समजून मी हातपाय गाळले असते.

काकांच्या साइटची पाळी येते तेव्हा आमच्याकडची रूपाली कुठलीही एक जुनी तारीख निवडते आणि रावेरला फोन लावते. परवाच्या शनिवारी तिने पावसाळ्यातली तारीख सांगितली. पलीकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला, मग मुनीमजींनी नवतीचा भाव वाचला, पिलबागचा वाचला. रूपालीने स्क्रीनवर बघत दोन्हींपुढे खूण केली आणि वापसीचा विचारला.