गेटचा नंबर आला नाही त्या रात्रीची गोष्ट

सुरत-जळगाव लाईन आता डबल झाली, 2018 पासून. त्यामुळे आताच्या पोरांना सांगितलं की पूर्वी या लाईनवर एक गाडी पुढे जायला दुसरी गाडी स्टेशनात बाजूला घेऊन उभी ठेवावी लागायची, तर त्यांना ते खरं वाटत नाही. पण मी स्टेशन मास्तर म्हणून नोकरीला लागलो तेव्हा 300 च्या वर किलोमीटर सगळी सिंगल लाईन, अन् आमची अर्धी नोकरी म्हणजे क्रॉसिंग लावणं. कोणती गाडी लूपला, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या लाईनवर घ्यायची, कोणती मेनवरून न थांबवता थ्रू काढायची, कोण किती वेळ थांबणार, हेच दिवसभर डोक्यात.

माझं स्टेशन अमळनेर ते नारडाणा या पट्ट्यातलं, नाव घेत नाही. अमळनेरबद्दल मात्र सांगायलाच पाहिजे. 1900 च्या सुमाराला ही लाईन झाली तेव्हा सुरतेकडून आलेली ताप्ती व्हॅली रेल्वे अमळनेरला संपायची आणि तिथून जळगावपर्यंत जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची फांदी होती, म्हणजे दोन कंपन्यांच्या गाड्या तिथे एकमेकींना भेटायच्या. लाईन टाकली ती मुख्य करून खान्देशच्या कापसासाठी आणि मालासाठी असं आमचे जुने लोक सांगायचे, आणि माझ्या त्या रात्रीची गोष्ट पण कापसाचीच आहे.

डिसेंबर होता, 20-22 वर्षं झाली असतील. माझी चार ते बाराची ड्युटी. स्टेशनपासून सुरतेकडे दीड किलोमीटरवर एक गेट, म्हणजे रेल्वे फाटक, मोठ्या रस्त्यावरचं, आणि कापसाच्या सीझनमध्ये जिनिंगकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची तिथे संध्याकाळी नुसती रांग. ते गेट आमच्या सिग्नलला इंटरलॉक नव्हतं. म्हणजे गेट उघडं असलं तरी माझा सिग्नल पडू, म्हणजे गाडीला मोकळा होऊ शकत होता, मधे फक्त फोन आणि नंबर. पद्धत अशी की गाडी सोडायच्या आधी मी गेटमनला फोन करायचा, त्याने दोन्हीकडून गेट लावून कुलूप घालायचं आणि मग त्याच्याजवळच्या शीटवरचा पुढचा दोन आकडी प्रायव्हेट नंबर मला सांगायचा, सांगितलेला नंबर खोडायचा, एक नंबर एकदाच. तो नंबर मी रजिस्टरला लिहिला की मगच गाडी.

खरं सांगतो, बऱ्याच ठिकाणी घाईच्या वेळी हे उलटं चालायचं. नंबर आधी, गेट मागून. गर्दी असते, हॉर्न वाजतात, लोक शिव्या देतात, गेटमन एकटा, तो म्हणतो लावतोच आहे, हा घ्या नंबर. मी स्वतः असे नंबर घेतलेले आहेत आणि ते मला आजही आठवतात.

आमच्या त्या गेटवर आबा होते. रिटायरमेंटला दोन-अडीच वर्षं राहिलेली, अहिराणी बोलायचे, मराठी कमीच. मी वयाने लहान पण मला मास्तर म्हणायचे.

त्या दिवशी सुरतेकडे जाणारी पॅसेंजर मी लूपला घेऊन ठेवली होती, समोरून भुसावळकडे जाणारी एक्सप्रेस यायची होती. पॅसेंजर आधीच चाळीस मिनिटं लेट. एक्सप्रेस साडेसातच्या जरा पुढे धडधडत मेनवरून गेली, शेवटच्या डब्याचा लाल दिवा बघितला, तिने आणलेला गोळा मशीनमध्ये टाकला. गोळा म्हणजे टोकन, लोखंडाचा, मुठीत मावेल एवढा, तो ड्रायव्हरकडे असल्याशिवाय पुढच्या सेक्शनमध्ये, म्हणजे दोन स्टेशनांमधल्या लाईनवर, गाडी घालता यायची नाही. पुढच्या स्टेशनाला लगेच लाईन क्लिअर, म्हणजे गाडी पाठवायची परवानगी मागितली, त्यांनी दिली, गोळा परत बाहेर काढला. डिसेंबरच्या थंडीत तो हातात बर्फासारखा लागतो.

इकडे गाड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या कंट्रोल ऑफिसचा फोन, पॅसेंजर का सुटली नाही अजून. लोक डब्यातून उतरून प्लॅटफॉर्मवर, एक बाई मांडीवरच्या पोराला घेऊन ऑफिसच्या दारात येऊन विचारतेय भाऊ कधी निघणार. आणि मधे गेटवर काय झालेलं ते समजून घ्या, एक्सप्रेससाठी पंधरा-वीस मिनिटं गेट बंद होतं, ती गेल्यावर आबांनी उघडलं, सगळ्या ट्रॉल्या एकदम घुसल्या, आणि चार मिनिटांत मी परत फोन करतोय की लावा. क्रॉसिंग स्टेशनात होतं, त्याचा ताण पडतो गेटवर.

फोन लावला. म्हटलं आबा, पॅसेंजर सोडतोय, नंबर द्या.

आबा म्हणाले, "गेट लागनं नही मास्तर आजून."

म्हटलं लावा मग पटकन, लेट झालीय, नंबर सांगून टाका.

तिकडून काही नाही. नुसता ट्रॅक्टरचा आवाज, माणसांचा आरडाओरडा. आबांनी रिसीव्हर ठेवला नव्हता. गोळा रिंगच्या पिशवीत टाकून पॉइंट्समन, म्हणजे स्टेशनातला माझा मदतनीस, दारात उभा, माझ्याकडे बघतोय. मी परत ओरडलो, आबा नंबर! तेव्हा ते आले फोनवर, श्वास लागलेला.

"मी नंबर देवाव नही. ट्रॉली रुळवर अटकी गई."

झालं असं की कापसाने भरलेली एक ट्रॉली, दोन्ही बाजूंनी फुगलेली, वरून जाळं बांधलेलं, चढावरून येताना रुळावरच तिचा हूक तुटला. ट्रॅक्टर पुढे निघून गेला, ट्रॉली जागेवर, पुढचं तोंड जमिनीला टेकलेलं, एक चाक रूळ आणि चेक रेल, म्हणजे गेटवर रुळाला लागून असलेला आतला रूळ, यांच्या मधल्या खाचेत. बरोबर मधोमध.

मी पॉइंट्समनच्या हातातून गोळा काढून घेतला. सांगितलं गाडी सोडायची नाही, ड्रायव्हर-गार्डला सांग. स्टार्टर, म्हणजे गाडी सुटायचा सिग्नल, लालच होता. पुढच्या स्टेशनाला कळवलं, कंट्रोलला कळवलं, गोळा परत मशीनमध्ये टाकला, लाईन क्लिअर रद्द केली. आता सेक्शन बंद, कुठूनच गाडी येणार नाही, तरी आबांनी दोन्हीकडे लाल बत्ती लावलीच, नियम तो नियम. फोन बंद असता तर त्यांना गाडी थांबवायला रुळावर लावायचे फटाके घेऊन पळावं लागलं असतं, 600 मीटरवर एक, आणि पुढे 1200 मीटरवर दहा-दहा मीटरने तीन. अंधारात खडीवरून, त्या वयात. ज्यांनी खडीवरून पळून बघितलंय त्यांनाच कळेल मी काय म्हणतोय.

मला स्टेशन सोडता येत नव्हतं. जे काही कळत होतं ते फोनवरूनच. कापूस अर्धा खाली ओढला, मागच्या ट्रॅक्टरच्या साखळीने ट्रॉली ओढून बघितली, साखळी निसटली, परत लावली. रांगेतले पंचवीस-तीस लोक खांद्याने रेटत होते, अन् ट्रॉलीचा मालक, म्हणजे शेतकरीच, मधेच रुळावर बसून कापूस गोळा करायला लागला तर लोकांनी त्याला उचलून बाजूला केला. वर्षभराचा माल होता त्याचा, त्याला दोष कसा देणार.

पन्नास मिनिटं गेली. मग फोन वाजला.

आबा म्हणाले ट्रॉली निघनी, रूळ पाह्यात, चेक रेल पाह्यी, दोन्ही गेट लागनात, कुलूप लागनं. आणि मग सावकाश, एकेक आकडा वेगळा करून, नंबर सांगितला. मी तो लिहिला तेव्हा पेन कागदातून आरपार गेला एवढा दाबला गेला.

पॅसेंजर गेली. गेट पार झाल्याचा आबांचा फोन आला तोपर्यंत मी खुर्चीत बसलो नव्हतो. नंतर डिटेन्शनचं, म्हणजे गाडी अडकल्याचं कारण लिहायला घेतलं, ओळीत सगळं मावतं, ट्रॉली फेल ॲट गेट. पण मला डोळ्यापुढे दुसरंच दिसत होतं, मी नंबर सांगून टाका म्हटलं होतं आणि त्या माणसाने माझं ऐकलं नव्हतं. ऐकलं असतं तर गोळा ड्रायव्हरच्या हातात, सिग्नल मोकळा, आणि दीड किलोमीटरवर रुळावर माणसं ट्रॉली ढकलतायत.

सकाळी सायकल काढून गेटवर गेलो. मला त्यांना काही तरी बोलायचं होतं, रस्ताभर जुळवत होतो. आबा उकिडवे बसून लोखंडी सळईने चेक रेलची खाच साफ करत होते. खाचेत कापूस ठासून बसलेला, वर ग्रीस आणि धूळ लागून काळा झालेला, तो टोकरून टोकरून काढत होते. खडीत पण सगळीकडे पांढरे पुंजके. मी म्हटलं आबा, काल मी घाई केली, चुकलं माझं.

त्यांनी वर बघितलं नाही. म्हणाले, "चहा ठेवेल शे मास्तर, बसा."

बसलो. गेटमनच्या गुमटीच्या दाराशी एक पिशवी ठेवलेली, त्यात खडीतला त्यातल्या त्यात स्वच्छ कापूस वेचून भरलेला, असेल दोन-तीन किलो. म्हटलं हा कशाला? म्हणाले, ज्याना शे तो ई लेवाले. म्हणजे ज्याचा आहे तो येईल न्यायला.